यंत्र सरकारी, अवजार खिशातले

शासकीय दप्तरात शाळेचा संगणक हा बाक, घंटा आणि लोखंडी कपाट यांच्याच पंक्तीला बसतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याला अनुक्रमांक मिळतो, खरेदीची तारीख आणि किंमत लिहिली जाते, आणि तो बिघडला किंवा हरवला तर जबाबदारी कोणाची हेही ठरून जाते. बाकासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही आणि बसल्याने बाक बदलत नाही. संगणकाचे तसे नाही. तो खऱ्या अर्थाने वापरायचा तर त्यात काहीतरी नवे घालावे लागते. ते घालू द्यायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही. मग मुख्याध्यापक, लेखापरीक्षक आणि देखभालीचा कंत्राटदार या तिघांनाही सोयीचे असे एकच उत्तर उरते, ते म्हणजे कुलूप.

हे कुलूप दाराचे असते तसेच यंत्राच्या आतलेही असते. 'आपणास हा प्रोग्रॅम इन्स्टॉल करण्याचा अधिकार नाही' असे वाक्य पडद्यावर उमटले की शिकायला आलेल्या मुलाचा तास तिथेच संपतो. आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, लिहायला शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्यासाठी साधने घडवणाऱ्यांनी या कुलपाला वळसा घालणाऱ्या कोणकोणत्या वाटा काढल्या, त्याचा हा धावता इतिहास. त्याचे पुष्कळ धागे बेंगळुरूत सापडतात. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये याच शहरात आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, आणि पुढे प्रोग्रॅमिंग येणे म्हणजे पोट भरण्याचे साधन हाती असणे हे समीकरण इथेच रुजले. त्यामुळे शिकण्याच्या वाटेवर कुलूप असणे ही इथे केवळ गैरसोय नव्हती. ज्याच्या घरी स्वतःचा संगणक आहे तो आणि ज्याच्या घरी नाही तो, यांच्यातली दरी त्या कुलपाने रुंद होत होती.

इन्स्टॉल करणे म्हणजे नेमके काय?

महसूल खात्याची भाषा इथे उपयोगी पडेल. एखादा प्रोग्रॅम संगणकावर इन्स्टॉल होतो तेव्हा तीन गोष्टी घडतात. त्याच्या फायली यंत्रात येतात. त्याला लागणारी सामाईक साधने यंत्राच्या सार्वजनिक जागेत ठेवली जातात. आणि तिसरे म्हणजे यंत्राच्या मध्यवर्ती नोंदवहीत त्याची नोंद होते. ही तिसरी गोष्ट म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफारच. फेरफार करायचा तर अधिकारी हवा, आणि इथे तो अधिकारी म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटर'.

याउलट काही प्रोग्रॅम असे असतात की ते आपली सारी शिदोरी एकाच फोल्डरमध्ये घेऊन येतात. ते यंत्राच्या सार्वजनिक जागेत काही ठेवत नाहीत आणि नोंदवहीला हात लावत नाहीत. काम झाले की फोल्डर उचलून चालते व्हावे. आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. इंग्रजीत अशा साधनांना 'पोर्टेबल' म्हणतात. आपण त्यांना बिऱ्हाडी साधने म्हणू या.

चालू करताच तयार

गंमत अशी की या इतिहासाच्या आरंभी कुलूप नव्हतेच. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली, ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली अनेक टंकयंत्रे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्या संगणकाचा थोडा थोडा वेळ. विद्यार्थ्याने काहीही इन्स्टॉल करायचे नव्हते. आपल्याकडे आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० मध्ये संगणक केंद्र उभे राहिले. त्या काळी विद्यार्थी आपला प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर घेऊन फिरत. यंत्र संस्थेचे, पण गठ्ठा विद्यार्थ्याचा. ही विभागणी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

शाळांपर्यंत संगणक पोहोचला तो १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पातून. पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्तीही काढली. या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज एखाद्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पण त्याच्यात एक गुण होता. बेसिक ही भाषा त्याच्या चिपमध्येच कोरलेली होती. कळ दाबली की क्षणभरात पडद्यावर खूण उमटे आणि यंत्र म्हणे, सांग काय करू. भाषा पुसता येत नव्हती, बिघडवता येत नव्हती. मुलाने काहीही चूक केली तरी यंत्र बंद करून चालू केले की पाटी कोरी.

क्लास प्रकल्पावर टीका पुष्कळ झाली. संगणक थोडे, प्रशिक्षित शिक्षक त्याहून थोडे, आणि साहित्य इंग्रजीत. ती टीका योग्यच होती. पण एक गोष्ट नमूद करायला हवी. त्या यंत्राची रचनाच अशी होती की मुलाच्या चुकीने सरकारी मालमत्तेचे नुकसान होणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे आतल्या कुलपाची गरजच नव्हती. पुढच्या पिढीची यंत्रे शंभरपटींनी शक्तिमान झाली आणि हा साधा गुण मात्र हरवला.

फ्लॉपीवरचे बिऱ्हाड

नव्वदच्या दशकात डॉसवर चालणारे पीसी आले. त्यांच्यात भाषा कोरलेली नव्हती, ती फ्लॉपीवरून आणावी लागे. परंतु डॉसला मध्यवर्ती नोंदवही नव्हती आणि अधिकारीही नव्हता. फोल्डर उतरवला की प्रोग्रॅम चालू. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल आणि १९८७ मध्ये टर्बो सी बाजारात आणले. टर्बो पास्कलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लिहिण्याची जागा आणि लिहिलेले यंत्रभाषेत उतरवणारा कम्पायलर दोन्ही मिळून चाळीस किलोबाइटच्या आत मावत. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि गल्लोगल्लीचे संगणक वर्ग टर्बो सीवर वाढले. बेंगळुरू असो, पुणे असो वा सांगली, विद्यार्थी खिशात फ्लॉपी घेऊन यायचा आणि मिळेल त्या यंत्रावर बसायचा.

या सोयीची एक किंमतही होती आणि ती सांगणे इतिहासाला धरून होईल. टर्बो सी++ची आपल्याकडे सर्वाधिक चालणारी आवृत्ती नव्वदच्या दशकाच्या आरंभीची. सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले १९९८ मध्ये. म्हणजे आपली मुले प्रमाणभाषा ठरण्याआधीची बोली शिकत होती, आणि पुढे कित्येक वर्षे शिकत राहिली. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी डॉसचे प्रोग्रॅम नाकारले तेव्हा डॉसबॉक्स नावाच्या नकली डॉसमध्ये टर्बो सी गुंडाळून तोच फोल्डर पेनड्राइव्हवरून फिरू लागला. हस्तांतर सोपे होते म्हणून जुने टिकले, आणि अभ्यासक्रम बदलण्याची निकड कोणाला भासली नाही. बिऱ्हाडी साधन सोयीचे असते, पण त्या बिऱ्हाडात काय भरले आहे हे अधूनमधून उघडून पाहावे लागते. ते काम विद्यार्थ्याचे नाही, अभ्यास मंडळाचे आहे.

नोंदवही आली, कुलूप आले

१९९५ नंतर विंडोजमध्ये 'रजिस्ट्री' ही मध्यवर्ती नोंदवही स्थिरावली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' व 'मर्यादित अधिकाराचा वापरकर्ता' हा भेद कचेऱ्या, शाळा आणि सायबर कॅफे यांच्या रोजच्या व्यवहारात उतरला.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना या भेदाचा अनुभव प्रोग्रॅमिंगशी संबंध नसतानाही आला असेल. त्या काळी परगावच्या वाचनालयात किंवा परदेशातील विद्यापीठात बसून मराठी पान उघडले की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती चालू करायला मूळ सीडी आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागे. आपली लिपी वाचायलाही यंत्राच्या मालकाची परवानगी! बेंगळुरूच्या सरकारी शाळेतील मुलाची अडचण याच जातीची होती. त्याची निकड मात्र अधिक होती.

या कुलपाला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एका संगणकावर दिवसभरात वीस-तीस मुले बसत. एकाने काहीतरी उतरवले की यंत्र संथ होई, विषाणू शिरत, आणि देखभालीच्या करारात 'वापरकर्त्याच्या चुकीमुळे झालेला बिघाड' सहसा वगळलेला असे. पेनड्राइव्हचे भयही निराधार नव्हते. २००८-०९ मध्ये कॉन्फिकर नावाचा विषाणू जगभर पसरला, त्याच्या वाटांपैकी एक वाट पेनड्राइव्हची होती. पेनड्राइव्ह जोडताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय जुन्या विंडोजमध्ये बंद करण्याचे पाऊल मायक्रोसॉफ्टने सर्वत्र उचलले ते २०११ मध्ये. जबाबदारी ज्याच्या शिरावर, त्याने कुलूप लावले यात नवल नाही. चूक झाली ती पुढची. कुलूप लावल्यावर किल्ली कोणाकडे, आणि कुलूप न उघडताही काम कसे चालेल, हे दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत.

एकच कुलूप, दोन परिणाम

त्याच सुमारास बेंगळुरूच्या सचिवालयातून दोन मोठे संगणक उपक्रम चालले होते. दोन्हींची तुलना प्रशासनाच्या अभ्यासकाला बरेच शिकवून जाते.

पहिला उपक्रम 'भूमी'. राजीव चावला या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली कर्नाटकाने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आणले. तिथला 'आरटीसी' म्हणजे आपला सातबारा. हाताने लिहिलेल्या उताऱ्याची वैधता संपवण्यात आली आणि संगणकावर बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा देणे सक्तीचे झाले. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहू लागली. म्हणजे इथे कुलूप हाच सुधारणेचा गाभा होता. ज्याला अधिकार नाही त्याने अभिलेखाला हात लावू नये, यातच शेतकऱ्याचे हित होते.

दुसरा उपक्रम 'माहिती सिंधु'. २००१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत राज्यातील १,००० सरकारी माध्यमिक शाळांत संगणक शिक्षण द्यायचे होते. यंत्रे, शिकवणारा माणूस आणि देखभाल हे सारे खासगी संस्थांकडे कराराने सोपवले होते. अशा करारात संस्थेचे हित यंत्र चालू स्थितीत दाखवण्यात असते. मुलाने प्रयोग करावा, यंत्र बिघडवावे आणि पुन्हा दुरुस्त करावे यात तिला काहीच लाभ नाही. शाळेच्या नियमित शिक्षकांनाही यंत्र आपले वाटत नाही, कारण ते कंत्राटदाराचे असते. बेंगळुरूच्याच 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने पुढे या पद्धतीची तुलना केरळच्या 'आयटी ॲट स्कूल'शी केली. केरळने शाळेच्याच शिक्षकांना तयार केले आणि मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, त्यामुळे यंत्राचे आतून-बाहेरून ज्ञान शाळेतच राहिले. पुढे कर्नाटकाच्या शिक्षण खात्यानेही 'विषय शिक्षक मंच' या उपक्रमातून हीच वाट धरली.

अभिलेख-कक्षात जे कुलूप गुण ठरले तेच वर्गात दोष ठरले. कारण साधे आहे. अभिलेख बदलू नये यासाठी असतो आणि विद्यार्थी बदलावा यासाठी शाळा असते. एकाच माहिती-तंत्रज्ञान धोरणाखाली दोन्ही कामे आली की हा फरक सहज नजरेआड होतो.

यंत्र गावाचे, कार्ड माणसाचे

कार्डांच्या गठ्ठ्याची विभागणी पुन्हा भेटेल असे वर म्हटले, ती भेटली सिम्प्यूटरमध्ये. १९९८ मध्ये बेंगळुरूत भरलेल्या एका परिसंवादातून विकसनशील देशांसाठी स्वस्त, हातात मावणाऱ्या संगणकाची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक, आणि एन्कोअर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी सिम्प्यूटर ट्रस्ट स्थापन केला. २००१ च्या एप्रिलमध्ये नमुना जगासमोर आला. लिनक्सवर चालणारे, भारतीय भाषांत बोलून दाखवू शकणारे हे यंत्र त्या वेळी जगभर गाजले.

त्यातील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट मात्र एक साधी खाच होती, स्मार्ट कार्डाची. संस्थापकांचा विचार असा की प्रत्येक गावकऱ्याला यंत्र घेणे परवडणार नाही. म्हणून यंत्र पंचायतीने, शाळेने किंवा दुकानदाराने घ्यावे आणि प्रत्येकाने स्वतःचे कार्ड बाळगावे. कार्ड आत घातले की ते यंत्र तेवढ्या वेळापुरते त्याचे, काढले की पुढच्याचे.

सिम्प्यूटर बाजारात चालला नाही. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा' विक्रीस आला. पण कल्पनेपासून विक्रीपर्यंत सहा वर्षे गेली होती, सरकारी मागणी अपेक्षेप्रमाणे आली नाही, एकूण खप काही हजारांतच राहिला, आणि मोबाइल फोनने मैदान मारले. प्रशासनाच्या इतिहासात त्याची नोंद बहुधा अपयश म्हणून होते. मला ती अपुरी वाटते. मालकी यंत्राची वेगळी आणि कामाची वेगळी, हे तत्त्व त्या यंत्राने स्पष्ट शब्दांत मांडले. आपल्या शाळांतील संगणक कक्षांना नेमके तेच हवे होते.

सीडी आणि पेनड्राइव्ह

तेच तत्त्व दुसऱ्या वाटेने आधीच येऊ लागले होते. या वाटेवरचे एक नाव मराठी वाचकांनी विसरू नये, ते अतुल चिटणीस यांचे. जन्म १९६२ मध्ये बर्लिनचा, शिक्षण बेळगावचे आणि कर्मभूमी बेंगळुरू. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाबरोबर १९९६ पासून लिनक्सची सीडी देण्याच्या उपक्रमामागे ते होते. इंटरनेट नसलेल्या किंवा अतिशय संथ असलेल्या त्या काळात ही सीडी गावोगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. तिच्यात सी भाषेचा कम्पायलर होता, पर्ल होते, आणि सारे फुकट व कायदेशीर. २००१ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिनक्स बँगलोर' हे संमेलन भरवले. २००५ मध्ये त्याचे नाव 'फॉस डॉट इन' झाले आणि ते २०१२ पर्यंत चालले. ३ जून २०१३ रोजी चिटणीस यांचे बेंगळुरूत निधन झाले.

पण मासिकाची सीडीही यंत्रात इन्स्टॉल करावी लागे. ती पायरी गाळली जर्मनीच्या क्लाउस नोपर यांनी. २००० मध्ये त्यांनी काढलेली 'नॉपिक्स' ही सीडी यंत्रात घालून यंत्र चालू केले की संपूर्ण लिनक्स सीडीवरूनच उभे राही, यंत्राच्या डिस्कला स्पर्शही न करता. सुमारे दोन गिगाबाइटचे साहित्य दाबून ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसवले होते. काम झाले, सीडी काढली, यंत्र पूर्ववत. लेखापरीक्षकाला सापडावे असे काही मागे उरत नसे.

२००० मध्येच पेनड्राइव्ह बाजारात आला, अवघ्या ८ मेगाबाइटचा. तो मोठा आणि स्वस्त होत गेला तशी बिऱ्हाडी साधने त्यावर राहायला आली. जॉन हॉलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरची पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती केली आणि पुढे अशा साधनांचा एक संचच उभा राहिला. पायथन, सी यांचे कम्पायलर आणि संपादक याच रूपात मिळू लागले. २०१५ पासून पायथनचे मूळ निर्मातेच विंडोजसाठी न इन्स्टॉल करता चालणारी आटोपशीर आवृत्ती देतात. २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' आले. शाळकरी मुलांसाठीचे संपूर्ण शिक्षण-वातावरण एका पेनड्राइव्हवर.

हे 'शुगर' मूळचे 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे. २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तो प्रकल्प नाकारला. परंतु २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत त्याचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये कासवाला आज्ञा देऊन चित्र काढण्यापासून पायथनपर्यंतची साधने आधीच भरलेली होती, आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमची आतली रचना दाखवणारी एक स्वतंत्र कळही होती. क्लास प्रकल्पाच्या यंत्राचा हरवलेला गुण, कळ दाबताच तयार, इथे परत आला होता. मंत्रालयाचा आक्षेप खर्चाचा आणि प्राधान्यक्रमाचा होता आणि तो विचार करण्याजोगा होता. पण प्रति मुलाला लॅपटॉप आणि प्रति मुलाला काहीच नाही, या दोन टोकांच्या मध्ये प्रति मुलाला पेनड्राइव्ह ही जागा रिकामीच राहिली.

बेंगळुरूच्या गुरप्पनपाळ्य भागातील वस्तीत मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी चालवलेले आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर हे त्या रिकाम्या जागेजवळचे उदाहरण. देणगीत आलेले जुने संगणक, मुक्त सॉफ्टवेअर आणि सुटीच्या दिवशी शिकवायला येणारे तरुण अभियंते. तिथे किल्ली मुलांच्याच हाती होती. मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींपासून काही किलोमीटरवर हे घडत होते.

ब्राउझर: वर्तुळ पूर्ण?

२०१० नंतर साधन खिशातून निघून ढगात गेले. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये कोडशेफ सुरू केले, २०१२ मध्ये बेंगळुरूत हॅकरअर्थ उभे राहिले. ब्राउझरच्या चौकटीत प्रोग्रॅम लिहा, तो दूरच्या संगणकावर चालेल, उत्तर तुमच्या पडद्यावर येईल. २०१३ मध्ये स्क्रॅच ही मुलांची भाषा ब्राउझरमध्ये आली, २०१७ मध्ये गूगलचे कोलॅब खुले झाले. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर ब्राउझरमधून वापरण्याची सोय केली. त्याच संस्थेचे 'स्पोकन ट्यूटोरियल' तर मराठीतूनही आहेत आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात.

वाचकांच्या लक्षात आले असेल की हे १९६४ च्या डार्टमथकडे परतणे आहे. मोठे यंत्र दूर, आपल्यासमोर केवळ टंकयंत्र. फरक इतकाच की डार्टमथचे यंत्र त्याच महाविद्यालयाचे होते. आजचे दूरचे यंत्र एखाद्या कंपनीचे असते, आणि कंपनीचे धोरण बदलते. ॲमेझॉनने २०२४ मध्ये आपली 'क्लाउड९' ही सेवा नव्या ग्राहकांसाठी बंद केली. हजारो नवशिक्यांचे आवडते 'ग्लिच' २०२५ मध्ये त्यांचे प्रकल्प चालवण्याच्या कामातून बाहेर पडले. शाळेच्या संगणकावरचे कुलूप गेले, पण जागेचा मालक बदलला एवढेच. शिवाय जिथे इंटरनेट धड नाही तिथे ही वाट सुरूच होत नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा याचा अनुभव देशाने घेतला.

यावरही उपाय निघतो आहे. २०१८ मध्ये पुढे आलेल्या 'पायोडाइड'मुळे पायथन ब्राउझरच्या आतच, समोरच्या यंत्रावरच चालतो. पान एकदा उतरले की दूरच्या यंत्राची गरज उरत नाही. म्हणजे ब्राउझर हीच बिऱ्हाड उतरवण्याची जागा झाली. ब्राउझर नसलेला संगणक आज शाळेत क्वचितच आढळेल.

प्रशासनाने काय करावे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व स्तरापासूनच कोडिंगचा समावेश सुचवला आहे. त्यासाठी नव्याने यंत्रे घेतली जातील, निविदा निघतील. म्हणून वरच्या इतिहासातून निघणाऱ्या काही सूचना नोंदवते.

१. निविदेत यंत्राची क्षमता लिहितो तसेच हेही लिहावे, की विद्यार्थ्याला ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय प्रोग्रॅम लिहून चालवता आला पाहिजे. यंत्र ताब्यात घेताना याची चाचणी मुलाकडूनच करून घ्यावी.

२. कुलूप ठेवायचेच असेल तर असे ठेवावे की यंत्र बंद करून चालू केल्यावर ते मूळ स्थितीत यावे. 'डीप फ्रीझ'सारखी साधने हे काम फार पूर्वीपासून करतात. मुलाला मोकळीक मिळते आणि यंत्रही सुरक्षित राहते.

३. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड ही शाळेची मालमत्ता आहे, कंत्राटदाराची नव्हे. मुख्याध्यापकांच्या बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरण यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्याचीही नोंद व्हावी.

४. शाळेच्या वाचनालयात पुस्तकांप्रमाणे तपासून घेतलेले पेनड्राइव्ह ठेवावेत. त्यात पायथन, एक संपादक, मराठी ध्वनिपाठ आणि सरावाचे प्रश्न असावेत. मुलाने ते घरी न्यावेत, आठवड्याने परत आणावेत. एका पेनड्राइव्हची किंमत काही शे रुपये. संचात काय आहे ते दरवर्षी तपासून नवे करावे, नाहीतर टर्बो सीची पुनरावृत्ती होईल.

५. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम त्याला सोबत नेता आला पाहिजे. शाळा सुटली, गाव सुटले तरी काम सुटू नये.

आणि एक सूचना महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी. आपल्यापैकी अनेकजण गावच्या शाळेला जुने संगणक देतात. ती भावना मोलाची आहे. पुढच्या खेपेस देताना दोन प्रश्न विचारा. याचा पासवर्ड कोणाकडे राहणार? आणि मुलाने यावर स्वतःचा प्रोग्रॅम कसा चालवायचा? उत्तर मिळाले नाही तर यंत्राबरोबर चार पेनड्राइव्ह भरून पाठवा, आणि सुटीत गावी जाल तेव्हा एखाद्या शिक्षकाजवळ तासभर बसून ते कसे वापरायचे हे दाखवा. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या पेनड्राइव्हची कदाचित एकच ओळ पडेल. ते ठीक आहे. त्यातून मूल जे शिकेल त्यासाठी नोंदवहीत रकाना नसतो, आणि त्याचे निर्लेखनही कधी करावे लागत नाही.